हातभर शेवंती

तहारा, २० ऑगस्ट

चि. मिहोको हिला शिगेकीदादाचे अ. आ.

ओबोनचा पितरांचा सण आटोपून तू गिफूला गेलीस आणि घर पुन्हा शांत झालं. आई अजून सवयीनं एक वाटी भात जास्त काढते आणि मग मलाच खायला लावते.

तू इथं असताना एक गोष्ट बोललो नाही, कारण आई समोर होती. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

आई रोज सकाळी देव्हाऱ्यापुढे बसून शेवंती बदलते, हे तुला ठाऊकच आहे. फुलं आपल्याच शेडमधली, दोन हात लांब, सरळ, बाबांनी मिरवावी अशी. मग ती कात्री घेते आणि अर्धा दांडा कापून टाकते, कारण देव्हाऱ्यात एवढं लांब फूल मावतच नाही. जन्मभर हे बघत आलो, पण ध्यानात आलं या उन्हाळ्यात. फूल लवकर येऊ नये, दांडा वाढत राहावा, म्हणून मी आठवडेच्या आठवडे रात्री शेडमध्ये दिवे लावतो, थंडीत तेल जाळतो. ते सगळं त्या कापलेल्या अर्ध्यासाठी. देव्हाऱ्यातल्या फुलाचं तोंडही आपण बुद्धाकडे करत नाही, नाम घ्यायला बसणाऱ्याकडे करतो. त्यानं बघायचं ते फूल. दांड्याकडे कोण बघतं?

म्हणून तिसऱ्या शेडमध्ये रोपं उशिरा लावली आणि दिवे लवकर बंद केले. हातभर उंचीवरच कळ्या धरल्यात, चांगल्या टपोऱ्या. पण शेतकरी संघात प्रतवारी लांबीवर होते. तिथला माणूस म्हणाला की शिगेकी-सान, ही लिलावात पाठवली तर माझी नोकरी जाईल आणि तुमची अब्रू. आईनं तर सांगून टाकलं की बाबा असते तर असली फुलं पोत्याखाली लपवून नेली असती.

शेजारचे कादोवाकी ही शेड टोमॅटोसाठी मागतायत. सप्टेंबरअखेर उत्तर देईन म्हणालोय. हिगानच्या आठवड्यात, पितरांसाठी घरोघर फुलं लागतात तेव्हा, ही खपली नाहीत तर शेड त्यांना देईन. बाबांनी पहिली शेवंती लावली ती हीच शेड. एक गेली की उरलेल्या दोन जायला वेळ लागत नाही, हे आपल्या गल्लीत पाहिलंय.

तुझ्या दुकानात ठेवशील का? नाही म्हणायचं असेल तर मोकळेपणानं म्हण. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझं बरं चिंतणारा,
दादा


गिफू, २५ ऑगस्ट

ती. शिगेकीदादास मिहोकोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना आधी वाटलं की कुणीतरी गेलं. शेवटी कळलं की फुलं विकायचीत. अरे, बहिणीचं फुलांचं दुकान आहे आणि तू विचारतोस कसा, तर एखाद्या परक्या सावकाराला विचारावं तसा!

पाठव सगळी. देव्हाऱ्यासाठी मी रोज दांडे कापते, कापलेलं पिशव्या भरभरून कचऱ्यात जातं, आणि तो कचरा उचलायला वेगळे पैसे मोजते. आमचे हे म्हणतात की खोकीही निम्मी लागतील, शिगेकीदादांना हे आधी का सुचलं नाही. मी म्हटलं की आमच्या घरात सगळं उशिराच सुचतं, लग्नाला होकारसुद्धा मी असाच दिला होता. तेव्हापासून खोकी मोजत बसलेत.

आईला सांग, मी फोन करत नाही कारण ती तीन मिनिटांत ठेवून देते. दोघांची तब्येत सांभाळा.

तुझी,
मिहोको


गिफू, ११ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

वाईट बातमी आधी सांगते. पहिली खोकी आली, फुलं फार सुंदर आहेत, आणि तीन दिवसांत जेमतेम दोन गड्ड्या गेल्या.

चूक माझी. मला आधी कळायला हवं होतं. आमच्याकडे आखूड दांडा म्हणजे शिळं फूल. दुकानदार रोज खालचं टोक छाटतो, फूल जितकं जुनं तितका दांडा आखूड, हे गिफूतल्या प्रत्येक बाईला आईनं शिकवलेलं असतं. हिराबायाशी आजी माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी भर दुकानात एक गड्डी उचलली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या की मिहोको, किती दिवस छाटतेयस गं ही? आमच्या पितरांना डोळे नाहीत असं वाटलं का तुला? मी म्हटलं, आजी, कालच आलीत, माझ्या भावाच्या शेडमधली. तर म्हणाल्या की मग भाऊसुद्धा तसलाच दिसतो. दुकानात चार बायका होत्या. चारही रिकाम्या हातानं गेल्या.

मला माझ्यापेक्षा तुझंच जास्त वाईट वाटलं. उरलेली पाठवू नकोस असं म्हणवत नाही, आणि पाठव म्हणायचा धीर होत नाही. काय करू, ते कळव.

तुझी,
मिहोको


तहारा, १४ सप्टेंबर

चि. मिहोकोस अ. आ.

पत्र जेवताना वाचलं. तोंड लपवता येत नाही मला. आईनं विचारलं, मी सांगितलं. तिनं फक्त लोणच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. तिनं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

मग शेडमध्ये जाऊन बसलो. नाम घेतलं. हिराबायाशी आजींचा राग येईना. पितरांना शिळं देऊ नये म्हणून भांडणारं माणूस आहे, त्यांच्यावर कसं रागवायचं? त्यांना जे माहीत आहे ते खरंच आहे. माझं फूल त्यात बसत नाही, एवढंच.

तिथं बसल्या बसल्या लक्षात आलं. आपण गड्डी बांधण्याआधी खालची पानं यंत्रात ओरबाडून काढतो. दांडा उघडा पडला की तो कुठून कापलाय ते कुणाला कळणार? या खेपेला यंत्र लावलेलं नाही. पानं थेट बुडापर्यंत ठेवलीत, जमिनीलगतची लहान पानंसुद्धा. छाटलेल्या फुलाला ती कधीच नसतात. आजींना तेवढं दाखव. पटलं नाही तर त्यांच्याशी वाद घालू नकोस.

आणि बाजारातली लांब फुलं कापशील ती त्यांच्यासमोर काप. तुकडे लगेच कचऱ्यात टाकू नकोस. तिथंच पडू देत.

एवढं करूनही झालं नाही तर कादोवाकींना हो म्हणेन, आणि तुला बोल लावणार नाही. जिवाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
दादा


गिफू, २४ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

हात दुखतायत, अक्षर सांभाळून घे.

हिगानच्या पहिल्या दिवशी तू म्हणालास तसंच केलं. दुपारपर्यंत गल्ल्याशेजारी तुकड्यांचा ढीग माझ्या कमरेला लागला. हिराबायाशी आजी आल्या, माझ्याकडे न बघता लांब शेवंती मागितली. मी त्यांच्यासमोर कापली. त्यांनी पडलेला तुकडा उचलला आणि हातातल्या फुलाला लावून पाहिला. तुकडा लांब निघाला! याचं काय करतेस म्हणून विचारलं. कचरा, मी म्हटलं, आणि तो कचरा वाढवायला माझा भाऊ आठवडेच्या आठवडे दिवे लावतो. मग तुझी गड्डी पुढे केली. त्यांनी बुडाची पानं बोटानं उलटसुलट केली. पण त्या दिवशी नेलं लांबच फूल. माझा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या महिला मंडळातल्या दोघींना घेऊन हजर! त्यातली एक लांब फुलांकडे वळली तर तिलाच झापलं की अगं, निम्मं फूल उकिरड्यावर टाकायला पैसे वर आलेत का? खालची पानं बघ, कालचं कापलेलं आहे. जणू शेड त्यांचीच.

कबरीवर ठेवायला लोक लांबच नेतात, तिथल्या फुलदाण्या खोल असतात. पण देव्हाऱ्यासाठी म्हणून तुझी बहुतेक सगळी गेली. थोडी उरली ती आज देवळात दिली. बायका विचारतायत की थंडीत येणार का. मी हो म्हणून बसलेय. आता तू बघ.

सगळ्यांना नमस्कार. मला विसरू नका.

तुझी,
मिहोको


तहारा, १२ ऑक्टोबर

चि. मिहोकोस अ. आ.

कादोवाकींना नाही म्हणून आलो. त्यांना राग आला नाही. म्हणाले की तुमचं डोकं फिरलंय, पण दिवे किती रात्री आधी बंद केले ते मला सांगा. बाकीच्या दोन शेडमध्ये लांबच लावतोय. संघाला अजून तीच हवी, आणि आपलं घर त्यावरच चालतं. तिसरी तुझ्या बायकांसाठी.

आज सकाळी तिथं रोपं लावत होतो. आई सहसा त्या शेडकडे फिरकत नाही. आज आली, उकिडवी बसली आणि मी लावलेली ओळ बघत राहिली. मला वाटलं, आता बाबांचं नाव निघणार. तिनं दोन रोपांमध्ये आपला पंजा ठेवून पाहिला आणि म्हणाली की इतकी लांब लांब कशाला लावतोस, ही काय दोन हात वाढणार आहेत? बाबांची जागा आहे ही, वाया घालवू नकोस. जवळ जवळ लाव.

मग स्वतःच एक रोप उपटलं आणि अलीकडे लावून दाखवलं. आता ती पुढे आहे आणि मी मागे. सगळी ओळ नव्यानं लावायला लागणार आहे, म्हणून इथंच थांबतो.

आहे तशी माया राहू दे, दुसरं काही मागणं नाही.

तुझा,
शिगेकीदादा