मैनाच्या बिटाला मोड आलं न्हाईत

मु. राजुरी, ता. जुन्नर
माघातला मंगळवार

ती. सुदर्शनदादाला धाकट्या वृषालीचा वाकून नमस्कार. तू, वहिनी आन् पोरं बरी असाल. पेठला आईकडं जाशील तवा तिचा गुडघा सोता दाबून बघ, मला ती फोनवर नुसतं बरं हाय म्हणती. आमी इकडं खुशाल हाय. संस्कृतीला चवथं वरीस लागलं. माझी शाळा आठवीतच सुटली ते तुला ठाऊक हाय, तवा लिहिण्यातल्या चुका मोजू नको. फोन का केला न्हाई म्हणशील, तर आमच्या घरात रेंज फकस्त अंगणात येती, आन् अंगणात मामा बसल्यात. (आमचं सासरं हल्ली दिसभर तिथंच, मैनाशेजारी.) हनीफचाचांचा परवेज पुण्याला चाललाय, त्याच्याकडं देते.

तू तुझ्या तबेल्यातनं पाठवलेलं पोतं पोचलं त्याला महिना झाला. मैनाची गत तुला सांगितलीच व्हती. बावीस वर्साची घोडी. एकेकाळी शर्यतीच्या घाटात बैलगाड्यांच्या म्होरं पळायची, मामा वर बसून. आता नुसती यात्रेला म्होरं चालती, आन् मामा भगवा फेटा बांधून लगाम धरत्यात. दिवाळीपासनं ती कडबा चघळून चघळून बोळं करून टाकायला लागली. बरगड्या मोजून घ्या अशा. हनीफचाचा वतूरवरनं येऊन गेले (पूर्वी टांगा हाकायचे ते), तिच्या तोंडात कोपरापतूर हात घातला. मी घोडीला भिऊन दाराआड उभी. म्हणले, सूनबाई, घोडी आजारी न्हाई, उपाशी हाय, दाढा झिजल्यात. म्हणून तर तुला इचारलं.

पोतं फोडलं तवा मामांनी मूठभर नाकाला लावलं आन् म्हणले, हे कारखान्याचं चिपाड, हे आमी चुलीत घालतो. मी तू सांगितलेलं सगळं सांगितलं, की हा ऊस न्हाई, बीट हाय, साखर काढून घेतल्यावर उरलेला चोथा. भिजला की मऊ व्हतो, दात नसलं तरी जातो, पोटात सावकाश पचतो, अंगाला लागतो, आन् लई दाण्यानं घोडी तापती तशी ह्यानं तापत न्हाई. मामा म्हणले, साखर काढून घेतली, मंग वरात गेल्यावर मांडव चघळायचा का?

आता म्होरचं वाच, पण वहिनीला वाचून दावू नको. तू म्हणलास, कोरडं घालू नको, घशात फुगंल. ते ऐकून मी एवढी भ्याले, की दुपारीच घमेलंभर भिजत घातलं. सांजच्याला बघते तर घमेलं भरून अंगणात सांडलेलं. मला वाटलं, भिजलं चांगलं, आता बांधाया पायजे. (आपल्यात मटकी भिजली की बांधतात, हुलगं भिजलं की बांधतात. भिजवलेलं तसंच कोण ठेवतं? तू सांगायचं व्हतंस.) एवढं मोठं फडकं घरात न्हाई. दोरीवर मामांचा यात्रेचा फेटा वाळत व्हता. त्यात बांधलं आन् गोठ्याच्या आढ्याला टांगलं, सकाळपतूर मोड येतील म्हणून.

सकाळी मामा नेमके त्याच्याखाली चहा घेऊन बसले. मैनानं मान वर केली, वास घेतला, दातांनी (जेवढं हायेत तेवढ्यांनी) फेटा वढला, आन् गाठोडं मामांच्या मांडीत. मी संस्कृतीला उचलून दार लावून घेतलं आन् फटीतनं बघते, तर मैना त्यांच्या मांडीतनं खातीय. आठ दिसांत तिनं तोंड भरून काय खाल्लं न्हवतं. मामा हलले न्हाईत. कपातला चहा गार झाला, तरी न्हाईत. धोतरावरचा शेवटचा कण तिनं चाटला, तवा कुठं मला म्हणले, पोरी, मांडव बरा हाय.

हनीफचाचांना सांगितलं तर हसून हसून खालीच बसले. म्हणले, चहाच्या चोथ्याला कधी मोड आलेत का? तवापासनं मी नेमानं एकाला चार पाणी घालते, आंबलंय का वास घेते, चिमूटभर मीठ टाकते, कडब्याची कुट्टी कालवते. आधी घमेलं बांबूनं ढकलायची, मंग काठीनं, आता लाटण्यानं ढकलते. संस्कृती मैनाच्या पोटाखालनं जाती आन् माझा जीव जातो. पण बरगड्या झाकल्या, दादा. आन् मामा, ज्यांना दात नसताना कडक भाकर पायजे व्हती, ते आता इचारतात, मैनाचं भिजलं का, मंग माझीबी कुस्कर.

बाकी ठीक. पोरांना माझा पापा.

तुझी,
वृषाली

ता. क. फेट्याचा डाग जाईना. येताना तसलाच भगवा आण, यात्रेच्या आत मामांना पायजे.

ता. क. दुसरं. खरं काम हे हाय. पोरगी लहान हाय, घोडी काढा, घोडी काढा, म्हणून मी तीन वर्सं ह्यांचं डोकं खाल्लं. आता ह्यांनी माझ्या हट्टापायी घोडीला गिऱ्हाईक बघितलंय, रविवारी येणार. मामांनी ऐकलं आन् उठून मैनाला पाणी दावलं. आता मी कुठल्या तोंडानं नको म्हणू? तू रविवारी सकाळीच ये, आन् घोडी ठेवा हे तुझ्याच डोक्यातनं आल्यावानी सांग. तुझं हे ऐकतात. माझं नाव येऊ देऊ नको. आन् अजून दोन पोती आण.

ता. क. तिसरं. आत्ता मामांनी इचारलं, काय लिहितीस. माझ्या तोंडातनं निघून गेलं, घोडीचंच लिहिते. त्यांनी मैनाची आयाळ सारखी केली. मंग म्हणले, जो कोण नेईल, त्याला एकाला चार पाणी घालाया सांग, आन् हिवाळ्यात कोमट.

म्हणून लिहिलं. पहिल्या गाडीनं ये.