पुढच्या रांगेतलं हसू

ता. ३ जून

चि. वटवट्यास,
अ. उ. आ.

फोन बाबांच्या खोलीत आहे, म्हणून पत्र लिहितेय. काल बाबा आणि मी तू लिहितोस ती विनोदी मालिका बघत होतो. तुझा तो विसरभोळा पोस्टमन स्वतःच्याच घराचा पत्ता विचारतो, तिथे प्रेक्षकांचं हसू सुरू झालं आणि त्यात आपली आई हसली! आधी दम कोंडल्यासारखं, मग एकदम खळखळून, आणि शेवटी ती नाकातून निघणारी घरघर. तिला जाऊन तीन वर्षं झाली रे. मला भास झाला म्हणावं, तर बाबाही खुर्चीतून उठले आणि स्वयंपाकघरात डोकावून आले. मग जेवले नाहीत, बोलले नाहीत. हा काय पोरखेळ लावलाय तुम्ही? ते हसू कुठून आलं ते शोध आणि आधी काढून टाक.

तुझं बेडकांचं पुस्तक मिळालं. माझ्या वर्गातल्या दुसरीच्या पोरांनी चारच दिवसांत त्याच्या चिंध्या केल्या, म्हणजे आवडलंय.

रागावले असले तरी माया तेवढीच आहे.

तुझी ताई


ता. ७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मग तडक आमच्या ध्वनिमुद्रकाकडे गेलो. आमचं चित्रीकरण रिकाम्या स्टुडिओत होतं आणि हसू तो नंतर फितीवरून जोडतो, हे मला माहीत होतं. कुणाचं हसू, हे मात्र कधी विचारलं नाही. फक्त पहिल्या भागाला खरे प्रेक्षक बोलावले होते आणि आई पुढच्या रांगेत बसली होती, आठवतं? त्या दिवशीचं हसू त्याने जपून ठेवलं होतं. वर मलाच सांगतो, जिथे तुमचा विनोद पडतो तिथे हे लावतो, त्या बाई फार मनापासून हसतात; एरवी बाकीच्या हशात मिसळून टाकतो, या भागात तेवढं वर राहिलं. ताई, सहा वर्षं मी कॉलर ताठ करून फिरतोय आणि माझे पडलेले विनोद आई सावरत होती! पोरांसाठी लिहिलेली प्रत्येक गोष्टही आधी तिलाच वाचून दाखवायचो. बेताची असली तरी हसायची.

मी सगळ्यांसमोर रडलो. मग तुझ्या सांगण्याप्रमाणे ते हसू माझ्या डोळ्यांदेखत पुसायला लावलं. जुन्या भागांच्या फिती वाहिनी पुसून पुन्हा वापरते, त्या पोस्टमनच्या भागाचीही गेली. आता कुठेच काही उरलेलं नाही, तेव्हा निर्धास्त राहा. बाबांना नमस्कार सांग आणि माझ्यावरचा राग सोड.

तुझा वटवट्या


ता. ८ जून

चि. वटवट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या उत्तराची वाट न बघता घाईने लिहितेय. ते हसू काढू नकोस!

आज सकाळी बाबांनी आपणहून दाढी केली आणि मालिका उद्याच आहे ना, असं तीनदा विचारलं. मी चिडून म्हटलं, बघायची नाही. तेव्हा ते बोलले. म्हणाले, गेलं वर्षभर तिचं हसू कसं होतं तेच आठवत नव्हतं, पण सांगणार कुणाला, लाज वाटायची. त्या दिवशी कानावर पडलं, पण दचकल्यामुळे नीट ऐकता आलं नाही. वेड्यासारखी मी त्यांच्यावरच चिडले होते.

आज ते पोटभर जेवले. तुझ्यासाठी निरोप दिलाय, येशील तेव्हा ते हसू असलेली फीत घेऊन ये.

लवकर ये. आम्ही दोघं वाट बघतोय.

तुझी ताई


ता. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपल्या पत्रांची वाटेत चुकामूक झाली. तुझं दुसरं पत्र हातात घेऊनच स्टुडिओत धावलो. ध्वनिमुद्रक बिचारा माझ्याकडे बघेना. त्या फितीवर आता बाजाराचा गलका भरलाय. तरी मी ती लावायला सांगितली आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. भाजीवाले ओरडतात, सायकलींच्या घंटा वाजतात. आई कुठेच नाही.

परवाच्या भागात पोस्टमन पडला तेव्हा दुसरीच माणसं हसली. बाबा शेवटपर्यंत बसले असतील ना?

त्यांना तू काही सांगू नकोस. पुसायला मी लावलंय, सांगेनही मीच. रविवारी येतोय. दारातच ते विचारतील, आणलीस का? काय सांगू गं त्यांना?

घरात पाऊल टाकेन तेव्हा तेवढी माझ्याजवळ उभी राहा.

तुझा वटवट्या