जवसाचं तेल प्यालेली मोटार

शेलूबाजार
दसऱ्याच्या आधीचा मंगळवार, १९७७

प्रिय गोविंदा,

सप्रेम जयभीम. तुझा खोकला गेला का? कोळशाच्या ट्रकवरची धूळ छातीत बसते बाबा, निजताना हळद-गूळ खात जा. अंजनाच्या गुडघ्याची सूज उतरली का? तिला म्हणावं, एरंडाचं पान गरम करून बांध. धाकटीला दात आले की अजून हिरड्यांनीच भाकर चघळते? आणि तुमची ती घरमालकीण, जिचे पाय सुजायचे, तिचं कसं आहे? आम्ही इकडे ठीक. तुझ्या आईच्या डोळ्यांतून पाणी गळतं, पण हात काही थांबत नाहीत. तिनं मागची खोली सारवून, चुन्यानं पांढरीशुभ्र करून ठेवली आहे. कायले, ते पुढं लिहितो.

पहिली बातमी ही की, मी आता फुलचंदशेठच्या मोटारीवर नाही. चावी त्याच्या ओट्यावर ठेवली आणि जोडे घालून घरी आलो. बाजारात बोभाटा आहे, "जानराव म्हातारा झाला, येवढ्याश्या दिव्याले भ्याला." दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावून तुझ्या कानी जाण्याआधी माझ्याकडूनच ऐक.

ती मोटार तू पाहिलीच आहेस. परदेशी, जुनी, लांबच लांब, शेठनं लिलावात घेतलेली. तिच्यात ब्रेकच्या तेलाच्या दोन वाटा आहेत, एक पुढच्या चाकांना, एक मागच्या चाकांना. एक वाट निकामी झाली की समोर लाल दिवा पेटतो; हँडब्रेक ओढला तरी तोच पेटतो. हे मला कोणी शिकवलं नाही. नळ्या चाचपत, तारा धरत, वाकून वाकून माझं मलाच उमगलं. पोळ्यानंतर दहा-पंधरा दिवसांत तो दिवा पेटला. आधी वाटलं, हँडब्रेक अर्धवट ओढलेला असेल. नव्हता. मग वाटलं, तार कुठं घासली असेल. तार सोडून पाहिली, तर दिवा विझला. जोडली, पुन्हा पेटला. म्हणजे तार खरं बोलत होती. पायाखाली ब्रेक लिबलिबीत, आणि पुढचं चाक इतकं तापलेलं की त्यावर भाकर शेकावी. बॉनेट उघडून तेलाच्या डबीचं झाकण काढलं, तर एक खण रिकामा, आणि वास आला थेट जवसाच्या तेलाचा! गोविंदा, पस्तीस वर्षं गाड्या हाकल्या, पण ब्रेकमधून चटणीचा वास येताना पहिल्यांदाच पाहिला.

शेठची आई, आपली गोमतीबाई, ओट्यावर तूर निवडत होती. तिला विचारलं तर तोंडभर हसली. म्हणाली, "मीच पाजलं ना जानराव. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीले बैलाइले पाजलं, मंग हे मोटार काहून उपाशी राहील? सारं घर तिच्याच जिवावर तर जेवून राह्यलं." बैलाला पाजायच्या बांबूच्या नळ्यानंच माउलीनं डबीत तेल ओतलं होतं. आता तिला काय रागवावं? तिनं मायेनं केलं. तिची चूक मी कोणाला सांगितली नाही, तूही हसण्यावारी नेऊ नको. पण रबराला माया कळत नाही. आतले वॉशर त्या तेलानं फुगले, आधी चाकं धरून बसले आणि मग गळायला लागले.

शेठला मी सांगितलं, सारं तेल काढून नळ्या धुवाव्या लागतील, सगळे वॉशर नवे घालावे लागतील, ते मुंबईहून येईपर्यंत मोटार उभी राहील. शेठ तडकला. तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलंच वऱ्हाड त्यानं घेतलं आहे, आपल्या जवळच्या मालेगाववरून पातूरच्या घाटानं अकोल्याला. त्यानं बाहेरून एक कारागीर आणला. त्या कारागिरानं ब्रेक चार वेळा पायानं दाबून पंप मारला, तेव्हा ब्रेक लागला. म्हणाला, "ब्रेक बराबर हाय, दिवाच खोटा हाय." आणि काय केलं असेल? बल्बच उपसून धुळीत फेकला. "घ्या, आता पेटते का?" सगळे हसले. मी म्हटलं, "शेठ, घाटात म्हैस आडवी आली तर ती चार पंप होईपर्यंत थांबते का, हे तिले विचारून ठेवा." कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. शेठ म्हणाला, "तुले जमत नसन तर चावी ठेव." मी ठेवली.

तुझा आजा ग्यानबा आठवतो का रे तुला? दुसऱ्याच्या बैलांवर उभा जन्म काढला त्यानं. पण उतार आला की जू हातानं धरायचा आणि गाडीतल्यांना म्हणायचा, "पहिले माणसं खाली, मंग गाडी." एकदा गाडीत पाटील होता. त्या काळी आमची पाटलापुढं मान वर करायची प्राज्ञा नव्हती. तरी आजा म्हणाला, "मालक, उतरा." पाटील उतरला, शिव्या देत उतरला, पण उतरला. मी त्या आज्याचा लेक आहे. त्या घाटातून नवरीला आणि तिच्या करवल्यांना मी अंधारात ठेवून नेणार नाही. भित्रा म्हणायचं तर खुशाल म्हणोत. जीपवाल्या प्रेमसिंगलाही शेठनं ही मोटार नेतो का म्हणून विचारलं, त्यानंही हात जोडले.

आता मुद्द्याचं. शेठनं तुला निरोप धाडला हे मला कळलं आहे. दिवाळीच्या पाडव्याला ये, बापाच्या जागी बस, गावातच राहा, असा. तुझी आई त्याच निरोपावर खोली पांढरी करून बसली आहे. तिला मी अजून काही बोललो नाही. नातीला खांद्यावर घेऊन बाजार फिरायची हौस मलाही आहे, खोटं कशाला बोलू? पण लेका, त्या मोटारीच्या वाटेनं घरी येऊ नको. दसऱ्यासाठी नागपूरला दीक्षाभूमीला निघालेल्या आपल्या गावच्या देवमनजवळ एक काडेपेटी देतो आहे, तो ती तुझ्याकडं पोचवील. तिच्यात कापसात गुंडाळलेला तो बल्ब आहे. धुळीतून मीच उचलला. शेठ नवे वॉशर घालायला तयार झाला तर ये, आणि आधी हा बल्ब आपल्या हातानं जागेवर लाव. हँडब्रेक ओढ, पेटला पाहिजे. सोड, विझला पाहिजे. मगच वऱ्हाड बसव. आणि तो तयार नसला, तर तू एस.टी.नं चार दिवस ये. खोली तुमचीच आहे, चुना काही उडून जात नाही. शेठला हो म्हणण्याआधी मला दोन ओळी लिही. वेळ लावू नको रे, तुझी आई रोज पोस्टमनला चहा पाजून राह्यली.

तुझाच बाबा,
जानराव