हिरव्या शटरचं घर

प्रिय धाकट्या,

वर ‘प्रिय’ लिहिताना पेन थोडं थांबलं. पण हाताला सवय, लिहून गेला. आता खोडत नाही. पंधरा दिवसांपूर्वी तू बोलत असताना मध्येच फोन बंद झाला, तो लाइन गेली म्हणून नाही. मी ठेवला. रागावलो की माझी जीभ अडखळते हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून तर आपल्या प्रत्येक भांडणात तू जिंकत आलास. कागदावर मी अडखळत नाही. तेव्हा आता निमूट ऐक. सकाळी देवासमोर बसलो तेव्हा हा राग जाऊ दे, एवढंच मागितलं. गेला नाही. म्हटलं, मग त्याचं काहीतरी काम बाकी असणार.

गॅरेजची खोली कुरूप होती हे कळायला मला तुझ्या ठेकेदाराची गरज नव्हती. वीस वर्षांहून जास्त काळ मी तिच्यात झोपतोय. अण्णांची नजर कमी झाली, त्यांची टॅक्सी विकली गेली, त्याच सुमाराला माझं लग्न ठरलं आणि रिकाम्या गॅरेजची खोली झाली. झाली म्हणजे काय, तर शटर खाली ओढून कायमचं वेल्डिंग करून टाकलं, आतून विटांची भिंत चढवली आणि छताजवळ एक झरोका ठेवला. गाडी धुतलेलं पाणी रस्त्याकडे जावं म्हणून फरशीला दिलेला उतार तसाच राहिला. पलंगाच्या दोन पायांखाली अजून लाकडाचे तुकडे आहेत, आणि हातातून सुटलेली प्रत्येक गोल वस्तू, बांगडी असो की औषधाची गोळी, घरंगळत त्या भिंतीशीच जाऊन थांबते. बाहेरून तर ते घर वाटायचंच नाही, बंद पडलेलं दुकान वाटायचं. लोक येऊन विचारायचे, दुकान कधी उघडतं हो? तुझी वहिनी सांगायची, मालक जेवायला गेलेत. एकजण महिन्याभरानं पुन्हा आला आणि म्हणाला, ताई, तुमच्या मालकांची भूक भारी दिसते. आम्ही पोट धरून हसलो होतो. पण भर दुपारी दिवा लावून सुईत दोरा ओवणारी बाई कधी खरी हसते आणि कधी वेळ मारून नेते, एवढं नवऱ्याला कळतं.

म्हणून तू म्हणालास, माझ्या लेकीच्या सासरची माणसं घर बघायला येणार, दादा, घराचं तोंड तरी नीट करू या, तेव्हा मी आडवा आलो नाही. घराच्या तोंडावर डाग आहे तो, हे तुझे शब्द. तेही गिळले. वरची मोठी खोली तुझी म्हणून बारा महिने कुलूपबंद असते आणि आम्ही त्या डागात राहतो, हे तोंडाशी आलं होतं, तेही बोललो नाही. फक्त एक गोष्ट सांगितली, एकदा नाही, दोनदा: भिंत फोड, खिडकी काढ, काय हवं ते कर, शटरला हात लावू नकोस.

का, तेही सांगितलं होतं. अण्णांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली आहे. गल्ली कोणती ते सांगता येत नाही, आई कधी गेली ते आठवत नाही, एखाद्या दिवशी मी कोण हेही नाही. पण संध्याकाळचा फेरा चुकत नाही. कोपऱ्यावरच्या बागेतल्या बाकापर्यंत जातात, टेकतात आणि परत येतात. येताना भिंतीच्या कडेकडेनं चालतात, हिरवं शटर आलं की थोडं वाकतात आणि उजव्या बाजूच्या पोच्यात तळवा ठेवतात. तो पोचा कुणाचा, हे तुला सांगायला नको. गाडी शिकताना मागे घेतलीस ती सरळ शटरवर. लोहार बोलवू का, असं मी विचारलं तर अण्णा म्हणाले होते, राहू दे, धाकट्याची सही आहे ती. त्या सहीवर हात पडला की मगच ते शेजारच्या दारातून घरात येतात. आणखी एक तुला आठवत असेल. तू संध्याकाळी टॅक्सी घेऊन भटकायला जायचास तेव्हा अण्णा शटर अर्ध्यावर ठेवायचे. आई म्हणायची, मांजरं शिरतात, पाडा ते. पाडायचे नाहीत. पोरगं बाहेर आहे, एवढंच म्हणायचे आणि खुर्ची टाकून बसायचे.

हे सगळं ऐकून तू हसलास. म्हणालास, दादा, शटर म्हणजे काय देव आहे का? मी म्हटलं, देव नाही, पत्ता आहे. त्यावर तू ‘हो रे बाबा, हो’ म्हणालास. ते ‘हो’ मी खरं धरलं.

मी छापखान्यात बांधणीच्या टेबलावर असताना तुझ्या माणसांनी शटर कापून काढलं. वहिनी आडवी गेली. ठेकेदार भला माणूस, त्यानं तिला फोनवरचा तुझा निरोपच दाखवला. शटर आधी काढा, दादाचं ऐकत बसू नका, झाल्यावर त्यालाही आवडेल. तिनं ते मला शब्दनशब्द सांगितलं. धाकट्या, मी अनेक वाईट शब्द ऐकले आहेत, पण ‘त्यालाही आवडेल’ यासारखा अपमान माझा कुणी केला नव्हता.

आणि खरं सांगू, आवडलं. म्हणून तर राग दुप्पट आहे. आठवड्याभरात भिंतीच्या जागी मोठी खिडकी आली, बाजूला दार आलं, बाहेर लाकडी पट्ट्या लागल्या. मी कामावरून आलो तर खोलीत ऊन होतं. तुझी वहिनी पलंगावर नुसती बसली होती, हातात काहीही काम न घेता, आणि उन्हात स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत होती. मी शटरसाठी भांडायला तोंड उघडलं होतं ते मिटलं. ते काम चालू होतं तोवर मी किंवा ती अण्णांच्या सोबत फेरा मारत होतो. काम संपल्याच्या तिसऱ्या दिवशी ती वाळत घातलेले कपडे काढायला मागे गेली आणि अण्णा रोजच्यासारखे एकटेच निघाले.

समोरच्या शिंप्यानं त्यांना परत येताना पाहिलं. घरासमोर थांबले, म्हणे. त्या नव्या पट्ट्यांकडे बघितलं, हात पुढे केला, आणि परक्याच्या दाराला लागला की आपण घेतो तसा चटकन मागे घेतला. मग पुढे चालायला लागले. शिंप्याला वाटलं, आज फेरा लांबवलाय.

मला ते सापडले मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर. टॅक्सीच्या काळात तिथंच भरायचे, पायांना ती वाट माहीत असणार. एका पायात चप्पल नव्हती. पंपावरचा पोरगा त्यांना पाणी देत होता. मी धावत गेलो तर त्यांनी मला हात जोडले. मला, धाकट्या. म्हणाले, साहेब, हिरव्या शटरचं घर या बाजूला होतं, तुम्हाला दिसलं का? आमची मंडळी वाट बघत असतील.

मी म्हटलं, चला, दाखवतो. रिक्षात माझ्या शेजारी ते अंग चोरून बसले होते.

हे मी तुला फोनवर सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. आणि तू काय म्हणालास? एकट्यांना बाहेर सोडतोस कशाला, बाहेरून कुलूप लाव. वर म्हणालास, दारावर मोठा नंबर लाव, आणि ते शटर आता पुन्हा बसवू नकोस, सगळा लुक जाईल. तेव्हा मी फोन ठेवला. ज्या माणसानं तू बाहेर आहेस म्हणून कधी शटर पाडलं नाही, त्याला तू बाहेरून कुलूप लावायला सांगतोस. नंबर वाचायला त्यांना आकडे आठवावे लागतील. कुणाच्या लुकबद्दल बोलतोस तू? त्या घराकडे बघून ज्याला आत यायचं आहे असा माणूस आमच्याकडे एकच आहे.

तर आता मी काय केलं ते ऐक. शटर भंगारवाल्याकडे भिंतीला टेकून उभं होतं, अजून तुकडे केले नव्हते. ते परत आणलं. वेल्डिंगवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, शटर ज्यात सरकतं त्या बाजूच्या पट्ट्या नव्या लावू, स्प्रिंग बदलू, पोचा ठोकून सरळ करू आणि मस्त रंग मारू. मी म्हटलं, पट्ट्या लाव, स्प्रिंग बदल, बाकीच्याला बोट लावलंस तर चहा मिळणार नाही. नव्या खिडकी-दाराच्या पुढ्यात त्यानं ते बसवलं, आणि इतक्या वर्षांनी ते पुन्हा वर-खाली व्हायला लागलं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दिवसभर शटर वर गुंडाळलेलं असतं, वहिनीचं ऊन तिला मिळतं. अण्णा फेऱ्याला निघाले की ती खाली ओढते. तुझ्या लाकडी पट्ट्या त्याच्यामागे झाकल्या जातात, गंजाचे डाग दिसतात, घर पुन्हा बंद दुकान होतं. तुझ्या पाहुण्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. हवं तर सांग, मालक जेवायला गेलेत.

आता हे पत्र कशासाठी, ते. रागासाठी लिहायला घेतलं हे खरं, पण राग मी पोस्टानं पाठवला नसता, सांभाळून ठेवला असता. सोमवारी अण्णा फेऱ्यावरून आले. पोच्यात तळवा ठेवला, आणि मग, वेल्डिंग निघालंय हे कसं कळलं देव जाणे, खाली वाकून शटर उचलायला लागले. मी मागून हळूच जोर लावला, त्यांना कळू न देता. आतमध्ये दिवा, तुझी वहिनी, पलंग. त्यांनी सगळीकडे बघितलं आणि म्हणाले, गाडी धाकट्यानं नेलीय वाटतं. मग शटर अर्ध्यापर्यंत खाली ओढलं, खुर्ची मागितली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. झोपायच्या वेळी मी शटर पाडायला गेलो तर माझा हात धरला. अरे, तो बाहेर राहील ना. तेव्हापासून रात्रभर शटर अर्ध्यावर असतं. डास येतात, मांजरं येतात, आम्ही त्यातच झोपतो. माझा राग एवढ्यात जाणार नाही, त्याची वाट बघू नकोस. गाडीही आणू नकोस, गाडी ते विसरतील. तू ये. संध्याकाळी ये, रस्त्याच्या बाजूनं ये, आणि वाकून आत ये. उभ्यानं येता येणार नाही. तू आत आलास की शटर ते स्वतः पाडतील.

रागावलेला, तरीही तुझाच,
दादा