शोकांतिका म्हणजे शोकाचा अंत, नाही का?

चि. सौ. धाकटीस थोरलीचे ओंजळभर आशीर्वाद.

तुझा गुडघा काय म्हणतो? माझा उजवा कुरकुरतो आणि डावा त्याला साथ देतो. तुझे भावोजी ठणठणीत आहेत. त्यांना ऐकू येत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, फक्त त्यांना नाही. (याला नाटकात ‘नाट्यमय उपरोध’ म्हणतात. बघणाऱ्याला माहीत, ज्याचं त्याला नाही. नातीनं शिकवलं. मी चौथीतून शाळा सोडलेली, पण हे एका झटक्यात कळलं. आमच्या घरात तोच चाललाय ना इतकी वर्षं!)

तर पत्र लिहायचं कारण म्हणजे आपली नात नाटकात नायिका झाली गं! प्रेमाचं नाटक, पण शेवटी सगळे मरतात. पाच अंक. पहिल्यात ओळखी, दुसऱ्यात गुंता, तिसऱ्यात उत्कर्षबिंदू (म्हणजे दूध उतू जातं ती घटका), मग नुसती उतरण. त्यात स्वगत म्हणून एक प्रकार असतो. माणूस मनातलं मोठ्यानं बोलतो आणि हातभर अंतरावरच्याला ऐकू जात नाही. मीसुद्धा जन्मभर ओट्यापाशी स्वगतच बोलत आले, पण सुनेला बरोबर ऐकू जातं. असो. नात तीन महिने घरभर मरत होती. दिवाणावर मेली, जिन्यात मेली, एकदा कपडे वाळत घालता घालता अशी काही मेली की खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई धावत वर आल्या.

प्रयोगाला मी पहिल्या रांगेत. नायक घड्याळजी. नायिका त्याच्या दुकानात चिठ्ठी ठेवून जाते की ठरलेलं लग्न मोडून मी येते, थांब. ठेवते कुठे? भिंतीवरच्या घड्याळामागे! आणि हा दिवसाला पन्नास घड्याळं उघडणारा बाबा नेमक्या त्याच घड्याळाकडे पाठ करून विषाची बाटली उघडतो. वर भाषण! किती लांब भाषण गं! मी पदर तोंडात कोंबला, शेजारच्या बाईंचा हात दाबला (त्या ओळखीच्या नव्हत्या), तरी शेवटी सुटलंच तोंडातून, “अरे मेल्या, घड्याळामागे बघ!”

आणि त्यानं बघितलं. (वळण चांगलं आहे हो पोराला. मोठ्यांचं ऐकतो.) चिठ्ठी वाचली, बाटलीला बूच लावलं. नात खंजीर घेऊन आत आली तर नायक जिवंत! काय करणार बिचारी, लग्नाला हो म्हणाली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

नाटक बसवणारे मास्तर मात्र पडद्याआड खोक्यावर डोकं धरून बसलेले. म्हणाले, “आजी, ही शोकांतिका होती!” मी म्हटलं, मग बिघडलं कुठे? शोकाचा अंत झालाच की! तशी तुमची सुखांतिका म्हणजे सुखाचा अंत, ती लग्नातच संपते म्हणतात, तेही बरोबरच.

पण नात रडली गं. “आजी, तीन महिने मी मरायला शिकले आणि ऐन वेळी तू मला जगवलंस!” तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवताना वाटीसुद्धा न बोलता सरकवते. बाकी सगळं क्षेम आहे.

तुझी,
थोरली

ता. क. : शनिवारी दुपारी पुन्हा प्रयोग आहे. मास्तर म्हणतात, तोंडावर हात ठेवायला जबाबदार माणूस असेल तरच आजींना आत सोडू. तुझ्या भावोजींना विचारलं, ते म्हणाले सव्वादोन. सून म्हणाली, एका हातानं भागणार नाही. तेव्हा तू ये.

ता. क. दुसरा : तुझीही जीभ माझ्याच आईच्या पोटची. म्हणून तुझा हात माझ्या तोंडावर, माझा तुझ्या. उरलेल्या हातात रुमाल.

ता. क. तिसरा : नक्की ये गं. पोरीचं मरण एकदा डोळे भरून बघायचं आहे, दुसरं काही मागणं नाही. आणि हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. भलत्याच्या हाती पडलं तर पोलीस यायचे.