रुळाला बोट लावायचं नाही

३ नोव्हेंबर
वरच्या खोलीचं कुलूप काढलं. यांचा उजवा हात अर्धांगाने गेल्यापासून तिकडे, यांच्या आगगाडीकडे, कुणी फिरकलं नव्हतं. खेळण्यातली आगगाडी म्हटलं की चिडायचे, "मॉडेल म्हण वं!" हल्ली तेही नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड. धूळ झाडून बटण दाबलं. इंजिन ढिम्म.

६ नोव्हेंबर
रूळ काळे पडलेत. चाकांना वीज रुळांतूनच मिळते, एवढं लग्नापासून ऐकतेय. देवाची भांडी घासायची पावडर लावून लखलखीत केले. तरी ढिम्म. मेलं मालकासारखंच हट्टी.

७ नोव्हें.
जेवताना सांगून टाकलं. यांच्या हातातला घास थांबला. "पावडर? रुळाले?" चक्क रागावले! इतकं बरं वाटलं की पोळी वाढायची विसरले. मग अडखळत, "स्पिरिट घे... सुती फडकं. अन् बोट नको लावू वं, हाताचं तेल लागते." जुनाच नियम. पोरीलाही कधी लावू दिलं नाही.

१० नोव्हें.
रुळांच्या सांध्यांतली पावडर दातकोरणीने काढतेय. फडकं काळंकुट्ट, पाठीचा भुगा. खालून आवाज, "चाकं पुसली का वं?" चाकं! आधी सांगायला काय झालं होतं.

१३ नोव्हें.
चालली! अख्खी फेरी. एकटीनेच टाळ्या वाजवल्या. यांना म्हटलं, वर चला. "हा हात घेऊन? काय करू येऊन?" मला रडू आलं. मेथी निवडत बसले.

१६ नोव्हें.
आज नियम मोडला. वेणी घालतानाचं खोबरेल बोटावर होतं, ते पुलाजवळच्या रुळाला चांगलं चोळलं. दार उघडं टाकून गाडी सोडली. पुलाशी अडली. खाली सगळं शांत. मग जिन्यावर काठी वाजली. थांबली, पुन्हा वाजली. धावत जाऊन धरावंसं वाटत होतं, गेले नाही.
दारात धापा टाकत उभे. "काहून थांबली वं?"
"मले काय कळते? तुमीच पाहा न."
यांनी डाव्या हाताचं बोट रुळावरून फिरवलं, नाकाशी नेलं. "खोबरेल?"
मी खिडकीबाहेर बघत राहिले. हे हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले. फडकं मागितलं, डाव्या हाताने वीतभर रूळ पुसला. दमले. "बाकीचं उद्या."
उद्या जिना चढतील का, कुणास ठाऊक. फडकं डाव्या हाताला येईल असं ठेवलंय.