पूजेच्या पेटीचा नंबर

१८ नोव्हें. २००३, मंगळ.
कागलकडच्या पावण्यांचा फोन. त्यांच्या पंपाला आम्ही बनवलेली, रिमोटनं मोटर चालू करायची पेटी. दुरुस्तीला हात घातला अन् मोटर आपोआप सुरू. करंगळीचं नख गेलं, हात वाचला. त्यांचा रिमोट घरात खुंटीला होता म्हणे. भागीदार अण्णा म्हणाले, वायरिंगची चूक असंल. मला पटेना.

१९ नोव्हें.
कागलला गेलते. शेजारच्या रानातही आमचीच पेटी. शेजाऱ्यानं बटण दाबलं की पावण्यांची मोटर चालू! दोन्ही चिपा शाहूपुरीतल्या आमच्या दुकानात आणून वाचल्या. दोन्हीत नंबर १.
प्रत्येक पेटीला वेगळा नंबर, त्यावरनं तिचा गुप्त संकेत, म्हणजे परक्या रिमोटला ती दाद देणार नाही. सहा महिने डोकं घासलं यासाठी. अन् विकलेल्या बावीसही पेट्यांना एकच किल्ली असणार.

२० नोव्हें.
अण्णांवर नको तेवढी ओरडले. त्यांनी खंडेनवमीला पहिल्या पेटीला हळदकुंकू वाहिलं, मग तिच्याच चिपची नक्कल सगळ्यांत भरली. "पूजेची हाय अक्का, तिचं चांगलं बाकीच्यांना लागंल म्हटलं."
नंबर बदलत जा, एवढंच मी सांगितलेलं. का, ते सांगितलंच न्हाय. त्यांना वाटलं, बिलापुरता असंल. शहाणी मीच.
माणसाला नंबर दिला की मला राग येतो. इथं दिला नाही म्हणून माणूस गेला असता.

२७ नोव्हें.
वीस परत आल्या. नवे नंबर स्वतः घातले, एकेक वाचून बघितला. राहिल्या दोन. एकच राहिली असती तर प्रश्न मिटला असता, तिच्या नंबराची दुसरी उरलीच नसती. अण्णांनी दुकानातनं दिलेल्या, नाव-गाव लिहिलं नाही. निपाणीकडची दोन माणसं, कानडी बोलणारी, एवढंच ध्यानात.
रिमोट दोनशे फुटांपलीकडं चालत नाही. रानं लांब लांब असली तर काही होत नाही. असूदेत लांब.

३० नोव्हें., रवि.
अण्णा दोन दिवस सीमेवरच्या गावांतनं हिंडले. कानडीत विचारलं, खताच्या दुकानांत चिठ्ठ्या लावल्या. पत्ता नाही. मघाशी चहा पिता पिता थांबले.
"अक्का, ती दोघं एकाच मोटारसायकलवरनं आलती की."
म्हणजे शेजारीच. बांधाला बांध.
उद्या उजाडताच मीही निघते. तोवर त्यांच्यातल्या कुणी पंपात हात घालू नये.